गादीचा वारस आणि घरची नकुशी

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शाहू महाराजांनी जे सातारा नगर वसवले, त्याच्या राजकीय उलाढालींवर बखरकारांनी आणि पुढे संशोधकांनी विपुल लेखन केले आहे. परंतु त्या उलाढालींच्या जवळजवळ प्रत्येक वळणावर एका निपुत्रिक दांपत्याची चिंता उभी आहे, ही गोष्ट जितक्या गांभीर्याने पाहावयास हवी होती तितक्या गांभीर्याने पाहिली गेलेली नाही. 15 डिसेंबर 1749 रोजी शाहू महाराज निवर्तले, तेव्हा त्यांच्या मागे पुत्र नव्हता. राणी सकवारबाई यांच्या मनात वारसाविषयी निराळी योजना होती. ती बाजूस सारली गेली आणि त्या सती गेल्या. ताराबाईंनी आपला नातू म्हणून ज्या रामराजास पुढे आणले होते तो गादीवर बसला, आणि नंतर त्याच ताराबाईंनी जेजुरीस खंडोबाच्या समोर शपथ वाहून तो आपला नातू नव्हे असे सांगितले. रामराजाचे आयुष्य साताऱ्यात नजरकैदेत सरले. 1777 साली त्याच्या मृत्यूसमयी वावीकर भोसल्यांच्या घरचा मुलगा दत्तक घेऊन त्याचे नाव पुन्हा शाहू ठेवण्यात आले. ज्या घराण्याच्या नावाने हिंदुस्थानभर चौथाई वसूल होत होती, त्या घराण्याला आपल्या वाड्यातला पाळणा हलता ठेवता आला नाही.

या मालिकेचा शेवट सर्वांस ठाऊक आहे. 1839 मध्ये पदच्युत होऊन काशीस गेलेले प्रतापसिंह महाराज 1847 साली तेथेच वारले, आणि त्यांनीही परमुलखात एक मुलगा दत्तक घेतलेला होता. त्यांचे बंधू अप्पासाहेब, म्हणजे शहाजी महाराज, यांनी 5 एप्रिल 1848 रोजी, मृत्यूस काही घटका उरल्या असता, घाईने दत्तविधान उरकले. इंग्रजांशी झालेल्या 1819 च्या तहनाम्यात ‘वारस’ असा शब्द होता. दत्तक हा त्या शब्दात येतो की नाही, यावर मुंबई, कलकत्ता आणि लंडन येथे कागदांचे ढीग लिहिले गेले. रेसिडेंट फ्रिअर यांनी दत्तक मान्य करावा असा अभिप्राय दिला, परंतु गव्हर्नर जनरल डलहौसी यांनी तो मानला नाही आणि राज्य खालसा झाले. मरणाच्या दारात असलेला एक मनुष्य आपल्यामागे कोणी असावे म्हणून परक्याच्या मुलाला मांडीवर घेतो, या कृत्यात राजकारण होतेच. पण एखाद्या खेड्यातला निपुत्रिक कुणबी ज्या भीतीने रात्र रात्र जागतो, तीच भीती त्यातही होती, असे मला वाटते.

मूल व्हावे की न व्हावे, केव्हा व्हावे आणि किती व्हावीत, हा प्रश्न पती आणि पत्नी यांनी आपसात विचार करून सोडवावयाचा असतो, ही समजूत आज आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की तिला इतिहास आहे याचे भानही राहत नाही. सातारा जिल्ह्याच्या, आणि पर्यायाने साऱ्या महाराष्ट्राच्या, गेल्या अडीचशे वर्षांकडे पाहता माझे मत असे झाले आहे की अपत्याची इच्छा ही जोडप्याच्या अंतःकरणात उमटत असली, तरी तिचा आकार दीर्घकाळ बाहेरून ठरत आला. तो कधी वतनाने ठरवला, कधी मृत्यूने, तर कधी सरकारी हुकुमाने. दोघांनी मिळून निर्णय घ्यावयाचा तर आधी ती दोघे अस्तित्वात यावी लागतात, आणि हे अस्तित्वात येणे फार उशिरा आणि फार कष्टाने घडले.

वतनाचीच गोष्ट घ्या. पाटीलकी, कुळकर्ण, देशमुखी यांच्या सनदा वंशपरंपरेने चालत. औरस पुत्र नसेल तर दत्तकास सरकारची मंजुरी लागे, आणि त्या मंजुरीसाठी नजराणा भरावा लागे. पेशवे दफ्तरात अशा नजराण्यांच्या नोंदी आढळतात. मुलगा नसणे ही शोकाची बाब तर होतीच, शिवाय ती हिशेबाच्या वहीत रुपयांनी मांडली जाणारी बाब होती. भाऊबंद टपलेले असत. इंग्रजी अमलात या दृष्टीला शिथिलता येईल अशी अपेक्षा असावी, पण 1886 च्या मुंबई इलाख्याच्या पाचव्या कायद्याने वतनाच्या वारसाहक्कात, अखेरच्या वतनदाराची विधवा वगळता, घराण्यातील स्त्रियांना सर्व पुरुषांच्या मागे लोटले. ज्या बापाला चार मुली आहेत त्याचे वतन त्याच्या मुलींना न जाता चुलत्याच्या मुलाला जाणार, असे कायद्यानेच बजावल्यावर पाचव्या खेपेला मुलगा व्हावा म्हणून त्याने नवस केला, तर त्या नवसाला केवळ अंधश्रद्धा म्हणून मोकळे होता येत नाही. परगणे व कुळकर्ण वतने 1951 साली गेली, मुलकी पाटलांची वतने 1962 च्या कायद्याने संपली, आणि मुलींना वडिलार्जित मिळकतीत जन्मतः हक्क देणारी महाराष्ट्राची दुरुस्ती 1994 साली झाली. कायदा बदलल्यावर मन त्याच दिवशी बदलत नाही. वतन गेल्यावरही वतनदाराची धास्ती दोन पिढ्या घरात टिकली.

दुसरा नियंता मृत्यू. 1921 साली मुंबई शहरात नोंदवलेला बालमृत्यूंचा आकडा हजारी सहाशेंच्या पुढे गेला होता. पुष्कळ जन्मांची नोंदच होत नसल्यामुळे तो आकडा फुगला, हे खरे मानले तरी उरणारे प्रमाण छातीत धडकी भरवणारे आहे. खेड्यात पटकी, देवी, प्लेग, आणि 1918 चा इन्फ्लुएन्झा. अशा स्थितीत सहा मुले होऊ देणारे जोडपे अविचारी होते असे म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, कारण सहांतील दोन हाताशी लागतील की नाही याचीच त्यांना शाश्वती नव्हती. मुले दगावत गेली की पुढच्या मुलाचे नाव धोंडू, दगडू, भिकू, केरू असे ठेवीत, म्हणजे त्याच्यावर कोणाची दृष्ट पडू नये. पहिले मूल खंडोबाला वाहण्याचा नवस करून त्याला वाघ्या किंवा मुरळी करीत, म्हणजे मूल व्हावे म्हणून केलेल्या याचनेची किंमत तेच मूल जन्मभर फेडीत राही. मुरळी झालेल्या मुलीच्या आईबापांनी हा निर्णय कोणत्या मनाने घेतला असेल, हे समजून घेण्याचा प्रयत्न करताना माझे मन आजही थरारते.

या सर्व व्यवहारात पत्नीचे मन कोठे होते? तिला प्रथम भीती होती ती सवतीची. लग्नास पाच-सहा वर्षे लोटली आणि कूस उजवली नाही की सासरी कुजबुज सुरू होई, सुवासिनीची ओटी भरताना तिला टाळले जाई, आणि मग एके दिवशी दुसऱ्या स्थळाची बोलणी तिच्या देखतच चालत. त्यामुळे तिची अपत्याची तळमळ आणि घरात आपला पाय टिकून राहण्याची तळमळ यांत भेद करणे तिचे तिलाही अशक्य झाले असावे. मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्याविवाहास 1946 च्या कायद्याने बंदी झाली. संततिविषयक विचारांच्या इतिहासात या कायद्याचा उल्लेख सहसा होत नाही, पण मूल नसलेल्या स्त्रीला ‘आता तुला घराबाहेर काढता येणार नाही’ असे निदान कागदावर सांगणारा तो पहिला आधार होता. तसेच दत्तकाचे. जुन्या धर्मशास्त्राप्रमाणे पतीला दत्तक घेताना पत्नीची संमती घेण्याची गरज नव्हती; ती अट 1956 च्या कायद्याने आली आणि त्याच कायद्याने मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. म्हणजे ज्या मुलाला ती आपल्या हाताने न्हाऊमाखू घालणार, त्याविषयी तिला विचारलेच पाहिजे, असे ठरण्यास विसाव्या शतकाचा मध्य उलटावा लागला.

आणि तरीही, याच मातीशी नाते असलेल्या एका दांपत्याने हा प्रश्न त्याच्या सुमारे ऐंशी वर्षे आधी निराळ्या रीतीने सोडवला होता. सावित्रीबाई फुले या सातारा जिल्ह्यातील नायगावच्या, आणि जोतीरावांच्या पूर्वजांचे गाव त्याच जिल्ह्यातील कटगुण. त्यांना मूल झाले नाही. वंश चालावा म्हणून दुसरे लग्न करण्याचा आग्रह जोतीरावांस झाला आणि त्यांनी तो ठामपणे नाकारला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. 1863 साली त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. जेथे फसलेल्या विधवांना गुपचूप बाळंत होता येई, तेथे 1874 साली काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा या दोघांनी आपला केला. त्याचे नाव यशवंत. गादीसाठी सगोत्र भाऊबंदांतून शोधून आणलेला दत्तक आणि समाजाने जगण्याचा अधिकार नाकारलेल्या मुलाला दिलेले घर, या दोन दत्तकविधानांमध्ये जे अंतर आहे ते महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील एक मोठे अंतर आहे. यशवंतास जोतीरावांनी 1887 च्या मृत्युपत्राने वारस ठरवले, तरी 1890 साली जोतीरावांच्या अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरावे यावर भाऊबंदांनी वाद घातलाच, आणि तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतःच्या हाती घेऊन पुढे चालावयास सुरुवात केली. पुढे यशवंत डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करीत असता सावित्रीबाई वारल्या.

फुले दांपत्याला मूल झाले नाही. रघुनाथ धोंडो कर्वे आणि मालतीबाई यांनी ते होऊ दिले नाही, आणि हे दुसरे समाजाला पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक असह्य वाटले. कर्वे मुंबईस विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले होते, यावरून कर्व्यांची दृष्टी काळाच्या किती जवळ होती हे कळते. 1925 मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. 15 जुलै 1927 रोजी त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. त्यात मालतीबाईंची मिळकत किती कामी आली, हे मराठी वाचकाने विसरू नये. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर एकाहून अधिक वेळा खटले झाले. 1934 च्या खटल्यात वाचकांच्या शंकांना दिलेली उत्तरे हाच गुन्हा ठरवला गेला, आणि त्यात त्यांची बाजू मांडण्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्वे खटला हरले, त्यांना दंड झाला.

या शंका-समाधानातच कर्व्यांचे खरे ऐतिहासिक कार्य मला दिसते. साधने कोठे मिळतील हे कोणीही डॉक्टर सांगू शकला असता. परंतु ज्या समाजात नवराबायको वडीलधाऱ्यांसमोर दिवसा एकमेकांशी बोलत नसत, त्यात एक माणूस आपल्या संसारातील सर्वांत खाजगी अडचण कागदावर मांडतो आणि दुसरा कोणी तिला नीतीचा उपदेश न करता उत्तर देतो, ही घटनाच अपूर्व होती. मूल ही देवाची देणगी किंवा पूर्वजांचे ऋण आहे, असे म्हटले की चर्चा संपते. कर्व्यांनी त्या चर्चेला स्त्रीच्या इच्छेपासून सुरुवात केली. महात्मा गांधींसारख्या थोर पुरुषाने संयमाचा मार्ग सांगितला, 1935 च्या अखेरीस वर्ध्यास आलेल्या मार्गारेट सँगर यांनाही त्यांनी तोच सांगितला. पण संयम न पाळणाऱ्या नवऱ्याच्या बायकोने काय करावे, याचे उत्तर त्या मार्गात नव्हते. 1938 च्या नोव्हेंबरात मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला. तो सभासद रोहम यांनी मांडला होता आणि त्यामागे आंबेडकरांची लेखणी होती. सततच्या बाळंतपणांनी खंगणाऱ्या स्त्रीचा विचार त्यात अग्रभागी होता, पण सभागृहाने तो नाकारला. पुण्याच्या शकुंतलाबाई परांजपे यांनी त्याच सुमारास हे काम हाती घेऊन पुढे अनेक वर्षे खेडोपाडी नेले, आणि पुरुषांनी शस्त्रक्रिया करून घ्यावी यासाठी त्यांच्याशी समोरासमोर बोलण्याचे धैर्य दाखवले.

इकडे साताऱ्याच्या जावळी, पाटण, कोरेगाव, खटाव या तालुक्यांतील पुरुष मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत हमालीला गेले होते. दहा बाय दहाच्या खोलीत दहा-बारा पुरुष पाळीने झोपत, आणि बायको गावी. गौरी-गणपती, शिमगा, गावची यात्रा एवढ्याच भेटी. दोघांच्या बोलण्याचे एकच साधन होते, ते म्हणजे मनिऑर्डरीच्या तळाशी मजकुरासाठी सोडलेली चार बोटे जागा. त्यात नवऱ्याने दुसऱ्याकडून लिहून घेतलेल्या दोन ओळी पोस्टमन ओट्यावर उभा राहून वाचून दाखवी, सासू-सासरे, दीर-जावा ऐकत असत, आणि बाई दाराआड उभी असे. अशा जोडप्याने आपल्याला आणखी मूल हवे की नको, हे कोठे आणि कधी ठरवावे? मूल यात्रेनंतर नऊ महिन्यांनी होई, आणि ठरवण्याचा प्रश्न कोणी काढीत नसे. चाळीत पुढे बिऱ्हाड आले तेव्हा एका खोलीत तीन पिढ्या राहिल्या, तरीही नवराबायकोला रविवारी चौपाटीवर चार पावले एकत्र चालता येऊ लागली. मुंबईच्या कुटुंबांतील मुलांची संख्या घटली त्यात त्या चार पावलांचा वाटा असावा, असे अनुमान मी करतो.

स्वातंत्र्यानंतर सरकारने या बाबतीत उडी घेतली. 1952 पासून कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण उमटला, मुंबईच्या रेल्वे स्टेशनांवर पुरुषांच्या शस्त्रक्रियेची केंद्रे निघाली. हेतू चांगला होता. परंतु ज्या निर्णयाला घरात नुकतीच वाचा फुटू लागली होती, त्यावर कारकुनाच्या लक्ष्यांकाचे ओझे पडले. आणीबाणीत 1976-77 या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतील बहुसंख्य पुरुषांच्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन अपत्यांनंतर सक्तीचा कायदा मंजूर केला, राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो अमलात आला नाही एवढेच. त्या भयाचा परिणाम असा झाला की पुरुष या कामातून जे मागे सरले ते परत आलेच नाहीत. आज महाराष्ट्रात विवाहित स्त्रियांपैकी निम्म्याच्या आसपास स्त्रियांनी शस्त्रक्रिया करून घेतलेली आहे, आणि पुरुषांचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी आहे. निर्णय दोघांचा असे आपण म्हणतो, वेदना मात्र एकीच्या वाट्याला नेमून दिली आहे.

मुलांची संख्या कमी झाली, पण मुलग्याची ओढ कमी झाली नाही, आणि दोहोंची सांगड जेथे पडली तेथे अनर्थ झाला. पूर्वी पाचव्या खेपेची वाट पाहत असत; आता दोनच हवीत आणि त्यांतला एक मुलगा हवाच, असे ठरल्यावर गर्भाची परीक्षा करणारे यंत्र कामास आले. डोहाळजेवणात वाटीखाली पेढा आहे की बर्फी हे ओळखण्याचा जो खेळ बायका हसत खेळतात, त्याच प्रश्नाचे उत्तर तालुक्याच्या गावी बंद खोलीत पैसे मोजून मिळू लागले. 1988 साली महाराष्ट्राने त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा केला, तरीही सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण 2001 मध्ये हजारी 913 होते ते 2011 मध्ये 894 वर आले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात सातारा जिल्हा परिषदेने 285 मुलींची नावे समारंभपूर्वक बदलली. तिसऱ्या-चौथ्या मुलीच्या बारशाला ‘नकुशी’ हे नाव ठेवले की पुढे मुलगा होतो, या समजुतीने आईबापांनी ती ठेवली होती. शाळेच्या हजेरीपटावर मास्तर रोज सकाळी ते नाव उच्चारीत आणि मुलगी ‘हजर’ म्हणत असे. त्या दिवशी प्रत्येकीच्या हाती नव्या नावाचा दाखला आणि फुले दिली गेली. माझ्या मते गेल्या पाव शतकातील त्या जिल्ह्याच्या प्रशासनाचे ते सर्वांत चांगले काम होय.

त्याच जिल्हा परिषदेने 2007 साली नवविवाहितांसाठी एक योजना आणली होती: पहिले मूल दोन वर्षे लांबवल्यास पाच हजार रुपये, तीन वर्षे लांबवल्यास साडेसात हजार. रकमेपेक्षा मला तिचा दुसरा परिणाम महत्त्वाचा वाटतो. लग्नाला वर्ष होत नाही तोच ‘गोड बातमी कधी?’ असे विचारणाऱ्या सासूला सून नुसते ‘आम्हाला आत्ता नको’ असे म्हणू शकत नव्हती. पण ‘सरकारी योजनेत नाव घातले आहे’ असे सांगू शकत होती. स्वतःच्या इच्छेला बाहेरचा आधार दाखवल्याशिवाय ती घरात उच्चारता येत नव्हती, इतकी ती इच्छा अजून कोवळी होती. 2019-21 मध्ये राज्यातील सरासरी एका स्त्रीमागे 1.7 अपत्ये इतकी खाली आली होती, आणि आज एकच मूल किंवा मूलच नको असे ठरवणारी जोडपी पुण्या-मुंबईत सर्रास भेटतात. त्यांच्यावर स्वार्थीपणाचा आरोप करणाऱ्यांनी मालतीबाई कर्व्यांचे चरित्र डोळ्यांसमोर आणावे.

या सर्व इतिहासाची एक उणीव आहे. नजराण्याची रक्कम दफ्तरात सापडते, खालसा करण्याचा हुकूम सापडतो, शस्त्रक्रियांचे आकडे सापडतात. पण ज्या स्त्रीला आणि ज्या पुरुषाला हे सोसावे लागले त्यांचे बोलणे कोठेही नोंदलेले नाही. हेमा रायरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या, त्यांत ते थोडे ऐकू येते. बाकीचे दरवर्षी एकेका म्हातारीबरोबर नाहीसे होत आहे. म्हणून वाचकांस विनंती आहे, आणि सातारा जिल्ह्यातील वाचकांस विशेष, की आपल्या घरी सत्तरी ओलांडलेली आजी असेल तर तिच्यापाशी निवांत बसावे. तिला किती मुले झाली, किती राहिली, तिला स्वतःला किती हवी होती आणि तिला हे कोणी कधी विचारले होते का, हे तिच्याच शब्दांत, साल आणि गावासह, वहीत उतरवून ठेवावे.